राजा-नवाबांसाठी पिकलेलं केळं: फुलपाखरांची घरगुती खाणावळ

फुलपाखरांना खाऊ घालायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साखरपाण्याची उलटी टांगलेली लाल बाटली येते. व्हिडिओत ती छान दिसते. पण तिची घडण मुळात अमेरिकेतल्या हमिंगबर्डच्या बाटलीसारखी आहे. आपल्याकडच्या बागेत ती टांगून महिनाभर वाट पाहिली, तर मुंग्या येतात, फुलोरी माश्या येतात, एखादी गांधीलमाशी येते. फुलपाखरू क्वचितच. बागेत पेंटास, इक्झोरा किंवा नुसती एकदांडी जरी फुललेली असली, तरी मधावर जगणाऱ्या फुलपाखराला तुमच्या बाटलीची गरज नसते. आणि ज्यांना फुलं नकोच असतात, त्यांना साखरपाण्याचंही फारसं कौतुक नसतं. त्यांना हवं असतं कुजत आलेलं फळ.

गंमत म्हणजे ही दुसरी मंडळी नावांनी सगळ्यात खानदानी आहेत. इंग्रजांनी आपल्या फुलपाखरांना नावं देताना हुद्दे वाटले: ब्लॅक राजा, टॉनी राजा, कॉमन नवाब, कॉमन बॅरन, बॅरोनेट, कमांडर. यातली बहुतेक मंडळी फुलाकडे क्वचितच वळतात आणि सडक्या केळ्यावर मात्र तुटून पडतात. त्यांच्याच पंगतीला संध्याकाळी उडणारं कॉमन ईव्हनिंग ब्राऊन, झाडोऱ्यात जमिनीलगत फिरणारे बुशब्राऊन, माडा-पोफळीच्या आसपासचं पामफ्लाय, एरंडावरचं कॅस्टर आणि घाटमाथ्याकडे, कोकणात पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान दिसणारं ब्लू ओकलीफ.

तेव्हा बागेत एक नाही, तीन पानं मांडायची. पहिलं फळांचं, दुसरं ओल्या वाळूचं, तिसरं साखरपाण्याचं. महत्त्वाचा क्रमही तोच. तिसरं नाही मांडलं तरी काही बिघडत नाही.

फळांची ताटली

लागणारं सामान असं: कुंडीखाली ठेवतात ती २० सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची ताटली, छपरासाठी तसलीच ३० सेंटिमीटरची, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी १८ गेजची जीआय तार दोन मीटर, श्रीखंडाचा रिकामा लहान डबा, एम-सीलचं छोटं पाकीट आणि अर्धा किलो बारीक गोटे. गोटे हरभऱ्यापासून शेंगदाण्याएवढे असावेत. मत्स्यपेटीच्या दुकानात मिळतात ते चालतात, फक्त रंग दिलेले नकोत.

मातीची ताटली दिसायला देखणी, पण ती रस पिते आणि दहा दिवसांत काळी पडून बुरशीचं माहेर होते. स्टीलची ताटली उन्हात तापते. प्लास्टिकची घासायला सोपी, हलकी आणि स्वस्त. रंग फिका घ्या. काळी ताटली सावलीतसुद्धा लवकर तापते आणि फळ सुकवते.

ताटलीच्या काठाला समान अंतरावर तीन भोकं पाडायची आहेत. २० सेंटिमीटर व्यासाचा घेर साधारण ६३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे दर २१ सेंटिमीटरला एक भोक. काठाभोवती सुतळी गुंडाळून मापली, तिचे तीन समान भाग केले आणि खुणा केल्या की झालं. नजरेच्या अंदाजाने पाडलेली भोकं हमखास चुकतात, मग ताटली एका बाजूला कलते, सगळा रस तिकडे जमतो आणि तिथूनच ठिबकतो. भोक पाडायला ड्रिल नसेल तर पकडीत धरून गॅसवर तापवलेला खिळा पुरतो. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जातो.

भोकं काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली. तळाला एकही भोक नको. इथे बरेच जण उलटं करतात: पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडतात. त्यातून पाणी नाही, फळाचा गोड रस ठिबकत राहतो आणि मुंग्यांना पत्ता मिळतो. पाणी छपराने अडवायचं, रस गोट्यांनी धरायचा.

तारेचे ३२ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापा. ताटलीपासून आकड्यापर्यंत २० सेंटिमीटर उंची ठेवायची असेल, तर तिरकी गेलेली तार साडेबावीस सेंटिमीटर लागते. उरलेली दोन्ही टोकांच्या पिळासाठी. उंची कमी केली तर लहान बुशब्राऊन आत जातील, पण ओकलीफसारख्या मोठ्या फुलपाखराला पंख उघडून पटकन निसटता आलं पाहिजे. अडचणीच्या जागी ते उतरतच नाही.

तीन तारा वर एका आकड्यात येतील. तो आकडा म्हणजे मुख्य तारेचं खालचं टोक. उरलेली साधारण मीटरभर तार ही मुख्य तार. तिच्यात खालून वर असा क्रम: आकडा, मग छप्पर म्हणून ३० सेंटिमीटरची ताटली पालथी, मग श्रीखंडाचा डबा सुलटा, आणि शेवटी फांदीला अडकवायचा वरचा आकडा. छप्पर खाली घसरू नये म्हणून त्याच्या खाली तारेला दोन पीळ देऊन गाठीसारखा फुगवटा करा. छपराचं आणि डब्याचं भोक एम-सीलने पक्कं बुजवा. छपराचं भोक नीट बुजलं नाही तर पावसाचं पाणी तारेवरून ओघळत थेट केळ्यावर येतं आणि छपराचा काही उपयोग राहत नाही. एम-सील पूर्ण घट्ट व्हायला रात्रभर तरी द्या.

श्रीखंडाचा डबा म्हणजे मुंग्यांसाठी खंदक. जुन्या घरांत दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, तोच प्रकार. डब्यात दोन तृतीयांश पाणी भरायचं. एप्रिल-मे महिन्यांत हे पाणी संध्याकाळपर्यंत आटतं, म्हणून वर चार थेंब तेल सोडायचं. तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो आणि त्यात डासही होत नाहीत. तेल शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या, खोबरेल नको. पुण्या-नाशकाकडच्या थंडीत खोबरेल थिजतं आणि मुंग्यांना आयता पूल मिळतो.

खंदक असूनही मुंग्या आल्या तर ताटलीभोवती नीट पाहा. एखादं पान, वेलीचा तणावा, कोळ्याचा धागा कुठेतरी टेकलेला सापडेल. चारही बाजूंनी वीतभर मोकळी जागा हवी. मुंग्यांचा खडू, पावडर किंवा फवारा मात्र तारेला चुकूनही लावू नका. त्यातलं कीटकनाशक मुंगी आणि फुलपाखरू यांत भेद करत नाही. फुलपाखरू तर पायांनीच चव घेतं, म्हणजे विष सगळ्यात आधी लागतं ते पायांना.

आता ताटलीत गोट्यांचा सेंटिमीटरभर थर द्या. ताटली टांगून थोडं पाणी ओतून पाहा, पातळी सारखी दिसते का. नसेल तर ज्या बाजूला पाणी जमलं तिकडची तार एक पीळ देऊन आखूड करा. मग पाणी ओतून टाका. गोट्यांचं काम दुहेरी आहे: रस खाली फटींत उतरतो आणि फुलपाखराला कोरड्या दगडावर उभं राहून सोंड खाली सोडता येते. गोटे नसले की ते थेट लगद्यावर उतरतं, पाय चिकटतात, कधी पंखाची कड रसात बुडते आणि बिचारं तिथेच अडकतं.

चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एवढा खटाटोप नको असेल, तर करवंटी पुरते. अर्ध्या करवंटीला तीन भोकं, तीन सुतळ्या, तळात मूठभर गोटे, वर केळ्याच्या चार चकत्या. फक्त खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत आहेत हे पाहून टांगा. केळ्याच्या रसाचे डाग पांढऱ्या शर्टावरून निघत नाहीत आणि सोसायटीच्या बैठकीत फुलपाखरांची बाजू घेणारे कमी असतात.

काय वाढायचं

फळं कुठलीही चालत नाहीत. फुलपाखराला चावता येत नाही, फक्त शोषता येतं. म्हणून पहिली अट, फळ मऊ हवं आणि त्याचा गर उघडा हवा. दुसरी अट वासाची. दुरून ओढून आणतो तो आंबूस वास, गोडी नंतर.

केळं सगळ्यात भरवशाचं. सालीवर काळे डाग पडून बोटाने सहज दबेल इतकं पिकलेलं. अननस त्याहून जास्त ओढतो. ज्यूसवाल्याकडे अननसाच्या साली आणि मधला दांडा फुकट मिळतो. चिकू चांगला. आंबा मोसमात उत्तम, कोयीसकट ठेवला तरी चालतो. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये काजूचं बोंड पडलेलं असतं, त्याच्यासारखं आमिष नाही. पेरूचा गर ठीक. पपई दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होऊन कोसळते. कलिंगड नुसतं पाणी, दुपारपर्यंत सुकून चामडं होतं. संत्रं-मोसंबी आपल्याकडे फारसं चालत नाही. फणस ओढतो खरा, पण माश्याही इतक्या ओढतो की फुलपाखराला बसायला जागा उरत नाही.

नुसत्या चकत्यांपेक्षा आंबवलेला लगदा कितीतरी प्रभावी. त्याचं प्रमाण:

तीन अतिपिकलेली केळी, सालीसकट धुऊन मग सोलून. दोन मोठे चमचे किसलेला गूळ. अननसाच्या एका फोडीचा चुरा. आणि पाव वाटी पाणी. कोकणात किंवा गोव्यात ताजी माडी मिळत असेल तर पाण्याऐवजी तीच घाला. उघडी राहून गॅस गेलेली बिअरही चालते. यातलं काहीच नसेल तर चिमूटभर यीस्ट. नुसतं केळं-गूळही आंबतं, एक दिवस जास्त लागतो इतकंच.

सगळं हाताने कुस्करायचं, मिक्सरमध्ये घालायचं नाही. गुळगुळीत पेस्ट वर साय धरते आणि त्या सायीतून सोंड आत जात नाही. डबा अर्धाच भरा, झाकण सैल ठेवा. आंबताना गॅस होतो. घट्ट झाकण लावून कपाटात ठेवलेला डबा फुटून कपाटभर केळं होतं. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दीड-दोन, थंडीत तीन दिवस लागतात.

तयार झालं हे नाकाने ओळखायचं. ताडीसारखा गोडसर आंबूस वास आला आणि कडेने बुडबुडे दिसले की काढा. व्हिनेगरसारखा झणझणीत वास आला म्हणजे लगदा पुढे गेला. असा लगदा चिलटांना प्रिय, फुलपाखरांना कमी. वर हिरवी-काळी लव आली तर सरळ खतात टाका. तयार लगदा फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. एका वेळी दोन मोठे चमचे ताटलीत, शेजारी केळ्याच्या किंवा अननसाच्या दोन-तीन ताज्या चकत्या. दुपारी लगदा सुकलेला दिसला तर चमचाभर पाणी शिंपडा. बहुतेक ताटल्या ओसाड पडतात त्या याच एका कारणाने: सकाळी दहाला ओलं असलेलं फळ दोन वाजता कोरडं ठणठणीत झालेलं असतं.

चिलटं येणारच. त्यांची पिढी उबदार हवेत साधारण दहा दिवसांत तयार होते, म्हणून तिसऱ्या दिवशी ताटली रिकामी करून गोट्यांसकट गरम पाण्याने धुवायची. साबण लावू नका. गोट्यांच्या फटींत तो राहतो. जुना टूथब्रश आणि कढत पाणी पुरतं. मग उन्हात खडखडीत वाळवा. गोट्यांचे दोन संच ठेवले की एक वाळेपर्यंत दुसरा वापरात.

जागा आणि वेळ

फळांची ताटली उन्हात टांगायची नाही. झाडाखालची कवडशांची सावली हवी. उंची पाहुण्यांवर ठरते. बुशब्राऊन आणि ईव्हनिंग ब्राऊन जमिनीपासून हात-दीड हातावर खूश असतात; त्यांच्यासाठी एक ताटली विटेवर ठेवली तरी चालते. बॅरन, कमांडर यांना कमरेपासून डोक्यापर्यंतची उंची आवडते. राजा आणि नवाब झाडांच्या शेंड्यांवर वावरतात, त्यांच्यासाठी दोन-तीन मीटर. दोरी फांदीवरून घेऊन खाली बांधली तर ताटली वरखाली करता येते.

वारा लागत असेल तर टांगू नका. झोके घेणाऱ्या ताटलीवर फुलपाखरू उतरत नाही. समुद्राकाठच्या घरांत बांबू रोवून त्यावर ताटली पक्की बसवणं बरं.

सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी तीननंतर वर्दळ जास्त. ईव्हनिंग ब्राऊन नावाप्रमाणे दिवेलागणीला येतं, म्हणून ताटली अंधार पडेपर्यंत ठेवा. मग मात्र आत घ्या. रात्री ठेवली तर वटवाघळं आणि उंदीर सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवत नाहीत. फळबागांच्या पट्ट्यात आणखी एक कारण आहे. संत्र्या-मोसंबीच्या फळाला सोंडेने भोक पाडून रस शोषणारे पतंग रात्रीच हिंडतात आणि आंबलेल्या गोड वासाला तेही भुलतात. त्यांच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात. शेजारी मोसंबीची बाग आणि कुंपणावर गुळवेल असेल, तर रात्रीची ताटली म्हणजे शेजाऱ्याशी भांडणाला निमंत्रण.

पहिले चार-पाच दिवस कोणीही आलं नाही म्हणून जागा बदलत बसू नका. एकाच जागी दहा-बारा दिवस सलग फळ असू द्या. त्यानंतरही शुकशुकाट असेल तर आसपासची झाडं पाहा, कारण पाहुणे तिथूनच यायचे आहेत. आंबा किंवा काजू असेल तर कॉमन बॅरन, चिंच असेल तर ब्लॅक राजा, टेंभुर्णी असेल तर बॅरोनेट, नारळ-सुपारी असेल तर पामफ्लाय, एरंड असेल तर कॉमन कॅस्टर, आंब्यावर बांडगूळ माजलं असेल तर गॉडी बॅरन, आणि नुसतं उंच गवत किंवा भातखाचर असेल तरी ईव्हनिंग ब्राऊन. यांच्या अळ्या त्या-त्या झाडावर वाढतात. यातलं काहीच अर्ध्या किलोमीटरात नसेल तर लगदा कितीही फर्मास असो, ताटली चिलटांचीच.

बॅरोनेट उतरताना एकदा बारकाईने पाहण्यासारखं असतं. नारिंगी पंखांवर काळी नक्षी, आणि सरळ ताटलीत न येता आधी शेजारच्या पानावर किंवा जमिनीवर बसतं. पंख दोन-तीनदा उघडमीट करतं. मग ताटलीच्या काठावर येऊन चालत आत शिरतं, कारण पायांना चव लागेपर्यंत सोंड उलगडत नाही. चव लागली की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड सुटते आणि गोट्यांच्या फटीत चाचपडत ओल शोधते. ओल सापडली की पंख आडवे पसरून स्थिर. यानंतर हातभर अंतरावर फोन नेला तरी हलत नाही. नवाबाचं याहून वेगळं: तो थेट मधोमध येतो, पंख मिटून उभा राहतो आणि शेजारी दुसरं कोणी आलं की पंखांनी ढुशी मारतो. आंबलेल्या लगद्यावर अर्धा तास काढला की कधी कधी इतका सुस्त होतो की बोट लावलं तरी उडत नाही. लावू नका मात्र. पंखांवरचे खवले बोटाला लागून येतात ते पुन्हा उगवत नाहीत.

हीच सुस्ती शिकाऱ्यांना कळते. सरडा, पाल, ताटलीखाली जाळं विणणारा कोळी, तारेवर बसून वाट पाहणारा कोतवाल, सगळे चार दिवसांत जागा हेरतात. ताटलीच्या बुडाखालचं जाळं रोज काढावं. सरडा खोडावरून पोहोचतो, म्हणून ताटली खोडापासून मीटरभर दूर. फळासाठी येणाऱ्या बुलबुल आणि खारीला वेगळ्या जागी पेरूची फोड ठेवा, त्या इकडे येणं कमी करतात. पूर्ण थांबत नाहीत.

ओली वाळू

स्वॅलोटेल, म्हणजे लिंबावरचं लाइम, कढीपत्त्यावरचं कॉमन मॉरमॉन आणि २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन, ही सगळी फुलावरची. फळांच्या ताटलीवर त्यांची वाट पाहू नका. त्यांच्यासाठी, आणि पिवळ्या एमिग्रंट, ब्लूबॉटल आणि ‘जे’ (Jay) या फुलपाखरांसाठी चिखल. ओल्या वाळूवर थव्याने बसून ती पाण्यातले क्षार, मुख्यतः सोडियम, शोषतात. बसणारे बहुतेक नर असतात. मिलनाच्या वेळी हे क्षार मादीकडे जातात आणि अंड्यांना उपयोगी पडतात. मधात आणि पानांत सोडियम जवळपास नसतंच, म्हणून ही धडपड.

३० सेंटिमीटरची, चार-पाच सेंटिमीटर खोल ताटली घ्या. तीन भाग नदीची वाळू, एक भाग बागेतली माती, मूठभर जुनं शेणखत. बांधकामावरची क्रश सँड धुतल्याशिवाय नको; तिच्यातली दगडाची भुकटी सिमेंटसारखी घट्ट बसते आणि वर ओल येत नाही. एक लिटर पाण्यात अर्धा सपाट चमचा साधं मीठ विरघळवून त्याने वाळू भिजवा. मिठाऐवजी गोमूत्र एकास दहा पाण्यात मिसळून घातलं तर परिणाम जास्त चांगला, वासाची तयारी ठेवा. त्यानंतर रोज साधंच पाणी घालायचं. रोज मिठाचं पाणी घातलं की पाणी उडतं, मीठ राहतं, आणि पंधरवड्यात वाळूवर पांढरी खपली धरते. मग कोणी बसत नाही. पंधरा दिवसांनी वाळू धुऊन पुन्हा पहिल्यापासून. धुतलेलं खारं पाणी कुंडीत ओतू नका.

पाणी किती? बोट दाबलं की ठशात ओल चमकावी, पण वर पाणी उभं राहू नये. यात दुसराही हिशेब आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. वर पाणी साचलेली ताटली म्हणजे डेंग्यूला घर. ओल्या वाळूत मात्र अळी पोहू शकत नाही.

ही ताटली फळांच्या उलट, उन्हात ठेवायची, जमिनीवर, सकाळी दहा ते एक ऊन येईल अशा जागी. दोन-तीन सपाट दगड मध्ये रोवा. एमिग्रंटांना दुसरं कोणी बसलेलं दिसलं की धीर येतो, म्हणून फुलपाखराच्या मापाचे पिवळ्या कागदाचे दोन-तीन तुकडे काडीला लावून वाळूत खोचून पाहा. कोळंबीची सालं, सुकटाचं धुवण असलं काही घरात असेल तर त्यातलं चमचाभर वाळूच्या एका कोपऱ्यात मुरवा. राजा आणि नवाब त्यावरही येतात. मांजरही येतं, तेव्हा झाकायला जाळी तयार ठेवा.

साखरपाणी, हवंच असेल तर

उपयोग एकाच वेळी होतो: कडक उन्हाळ्यात बागेत एकही फूल नसताना, किंवा कोशातून निघालेलं फुलपाखरू पावसामुळे उडू शकत नसताना.

१०० मिलिलिटर पाण्यात दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, पांढरी साखर. दोन मिनिटं उकळून पूर्ण गार करायचं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतं. जास्त गोड केलं तर दुपारपर्यंत पाणी उडून पाक होतो आणि बारीक सोंडेतून पाक ओढताना दमछाक होते. मध घालू नका. मधमाश्यांचे रोग मधातून पसरतात आणि सातेरी-फुलोरीची झुंबड उडते. खाण्याचा रंग, सरबताची पावडर, शुगर-फ्री गोळ्या यांचं इथे काही काम नाही.

बाटली उलटी टांगण्यात खरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. अर्ध्या रिकाम्या बाटलीतली १०० मिलिलिटर हवा २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली की फुगते आणि निदान चमचाभर पाणी तोंडावरच्या स्पंजातून बाहेर ढकलते. म्हणजे सकाळचं ऊन चढलं की ठिबक सुरू, ठिबक सुरू की मुंग्या. त्यापेक्षा बशीत भांडी घासायचा नवा, साबण नसलेला स्पंज ठेवा आणि तो भिजेल इतकंच साखरपाणी घाला. स्पंज लाल किंवा गुलाबी निवडा. मधमाश्यांना लाल रंग दिसत नाही, पुष्कळ फुलपाखरांना दिसतो. तेवढीच त्यांच्याकडे झुकती बाजू. स्पंज रोज पिळून धुवा, आठवड्याने टाकून द्या.

टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांसाठी तर काहीच शिजवावं लागत नाही. खुळखुळ्याच्या, भुरुंडीच्या किंवा हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागाच्या फांद्या मोडून, अर्धवट सुकवून, जुडी करून कुंपणाला उलट्या टांगा. नरांना मादीसाठी गंध तयार करायला लागणारी द्रव्यं त्या सुकत्या फांद्यांतून मिळतात, आणि पावसाळा सरता सरता ब्लू टायगर एका जुडीला दहा-पंधरांनी लगडलेले दिसतात. जनावरं चरतात तिथे टांगू नका, खुळखुळा त्यांना बाधतो.

सगळ्यात चांगले दिवस सप्टेंबर ते नोव्हेंबर. जून-जुलैच्या झडीत ताटली उतरवून ठेवली तरी चालेल. तिरक्या पावसापुढे छप्परही काही करत नाही. आणि तिसऱ्या दिवशी ताटलीतून निघालेला जुना लगदा कचऱ्यात टाकण्याऐवजी झाडाच्या बुंध्याशी, पाचोळ्यात ओता. ईव्हनिंग ब्राऊन आणि बॅरोनेट पुष्कळदा वरच्या नीटस ताटलीपेक्षा तिथेच आधी सापडतात.